रेंज खिडकीत, बेदाणा उन्हात

सांगली,
एप्रिल १९९९

ती. आत्ती,

रविराजचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण बेदाण्याच्या ताडपत्र्या ओढून ओढून कंबर अशी धरली आहे की खाली गेलो तर वर यायला माणूस बोलवावा लागेल. तेव्हा या खेपेस उभ्याउभ्याच वाकलो असं समजा आणि आशीर्वाद मात्र पूर्ण द्या. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी अजिंक्यताऱ्यावर सकाळचं फिरायला जाणं बंद करायला सांगितलं आणि तुम्ही डॉक्टरच बदललात, असं आईकडून कळलं. (आईला हे कळलं कसं, ते मला विचारू नका. तिला कळतं.) इकडे आई खुशाल, आबा खुशाल, म्हैस खुशाल. आबांनी सांगितलेला क्रम वेगळा होता, तो मी बदलला आहे.

पत्रास कारण की, माझ्याविषयी दोन बातम्या साताऱ्यापर्यंत पोचल्या असणार. एक, रविराज सांगलीच्या खोलीत मेंढी पाळतो. दुसरी, रविराजला खोलीत बसून काश्मीरचा पाऊस दिसतो. यातली पहिली साफ खोटी आहे. दुसरी बरीचशी खरी आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलंत, म्हणून तुम्हालाच सगळं सविस्तर लिहितो. बाकीच्यांना सांगायला गेलं की ते मध्येच चहा मागवतात.

गेल्या साली एप्रिलात पाऊस झाला आणि आबांचा बेदाणा काळा पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही तेव्हा आला होता, पण आबा तुमच्याशी मुद्दाम फक्त म्हशीविषयी बोलत राहिले.) बेदाण्याचं दुखणं असं आहे की द्राक्ष शेडच्या जाळ्यांवर वाळतं तोवर वर छप्पर असतं, बाजूला कापड लावता येतं, काळजी थोडी कमी. पण शेवटी जाळ्या झाडून माल खाली घेतात आणि अंगणात ताडपत्रीवर शेवटचं ऊन देतात. ते ऊन खात पडलेला बेदाणा म्हणजे आंघोळ घालून उघडाच ठेवलेलं बाळ. त्या वेळी एक सर आली तरी वर्षाची मेहनत चहाच्या चोथ्यासारखी दिसायला लागते. त्या दिवशी आबा अंगणात उभे राहिले, काळा पडलेला माल पायानं थोडा हलवून बघितला आणि एवढंच म्हणाले, "मेंढरं असती तर पावसाच्या फुडं हाकलून न्हेली असती. ह्याला पाय न्हाईत." मग वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. आत्ती, आबा शिव्या देतात तेव्हा मला काही वाटत नाही. ते गप्प बसले की मला कुपवाडच्या कारखान्यात मशीनवर उभं राहूनही काम सुचत नाही.

म्हणून मी ठरवलं, पाऊस येण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. आमच्या कारखान्याचे मालक देवदत्तसाहेब (ठिबकच्या नळ्यांचे जोड बनवतात, माणूस देवासारखा, फक्त पगाराच्या दिवशी ध्यानस्थ बसतो) यांच्याकडे एक जुना संगणक होता, मांडीवर घेऊन बसायचा. त्याची झाकणाची बिजागरी गेली म्हणून त्यांनी नवा घेतला आणि तो मला वापरायला दिला. मी बिजागरीच्या जागी आमच्याच नळीचा जोड बसवला. आता तो छान उघडतो, फक्त मिटत नाही. या संगणकावर इंटरनेट लावलं की आकाशातून काढलेला ढगांचा फोटो बघता येतो, असं मी वाचलं होतं. अडचण एकच. इंटरनेटला टेलिफोनची तार लागते, आणि माझ्या खोलीत टेलिफोन नाही. अर्ज केला आहे. तो अर्ज ज्या साहेबांनी घेतला ते त्यानंतर निवृत्त झाले, त्यांना नातू झाला, पेढे मलाही मिळाले. टेलिफोन अजून यायचा आहे.

तेव्हा मी मोबाईल घेतला. (रागावू नका. जुना आहे, एका डॉक्टरांनी विकलेला, आणि उशाला ठेवला तर मान अवघडते एवढा मोठा.) आणि इथेच सोनमचं नाव येतं. सोनम म्हणजे सांगलीच्या स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसते ती. साताऱ्यात तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला, इथे मावशीकडे राहते. मोबाईलला संगणक जोडायची केबल तिनंच मागवून दिली, आणि ती वापरायची कशी हे समजावून सांगताना तिनं मला एक ताकीद दिली. ती मी ऐकली, पण मनावर घेतली नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

ती ताकीद अशी. मोबाईलपासून टॉवरपर्यंत तुमच्या वाट्याला वाट एकच. त्या वाटेनं एकतर तुमचं बोलणं जाईल, नाहीतर संगणकाचा डेटा जाईल. डेटा चालू असताना तुम्हाला कुणी फोन केला तर त्याला एंगेज टोन ऐकू येणार, आणि तुम्हाला तर कुणी फोन केला होता हेसुद्धा कळणार नाही. शिवाय दोघांचे स्वभाव वेगळे. बोलणं जाताना मध्ये थोडं गळालं तरी फोन थांबत नाही, पुढे जातो, कारण ऐकणाऱ्याला अंदाजानं कळतं. (आई स्वयंपाकघरातून बोलते तेव्हा निम्मं भांड्यांत जातं, तरी आबांना कुठली वस्तू आणायची राहिली ते बरोबर समजतं. तसं.) डेटाचं तसं चालत नाही. त्यातला एक आकडा गळाला तरी पलीकडचा म्हणतो, परत पाठव. परत गळाला, परत पाठव. म्हणून रेंज कमी असली तर बोलणं तुटक होतं, पण डेटा नुसता ताटकळतो. आत्ती, हे तिनं पावती फाडता फाडता, पाठीमागे तीन गिऱ्हाइकं उभी असताना सांगितलं. मी फक्त मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तोवर मला समजलं होतं, पण विचारायची सवय लागली होती.

आता मेंढीचं प्रकरण. माझ्या खोलीत रेंज येते ती फक्त पश्चिमेच्या खिडकीत, तीही वरच्या गजाजवळ. म्हणून बुटाच्या नाडीनं मी फोन गजाला बांधला आणि केबल खाली टेबलावर संगणकापर्यंत आणली. कधीतरी काहीतरी दाबताना मी त्या फोनला असं सांगून बसलो की येणारा प्रत्येक फोन हा डेटाचाच आहे, तूच उचल. आता साधा माणूस फोन करणार, आणि यंत्र त्याला दुसरं यंत्र समजून यंत्राच्या भाषेत बोलणार. ती भाषा म्हणजे किंचाळणं. गंमत म्हणजे माझा फोन स्वतः आवाज करत नाही, ते ओरडणं तिकडे कंपनीच्या मोठ्या केंद्रात होतं, त्यामुळे मी खिडकीखाली बसून शांतपणे पोहे खात होतो आणि मला काही पत्ता नव्हता. फोन करणारे होते आबा. आपल्या गावात एसटी थांब्याजवळ कोंडीबाचं पिवळं एसटीडी बूथ आहे ना, तिथून. त्यांना माझ्याऐवजी जे ऐकू आलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, रिसीव्हर कोंडीबाच्या कानाला लावला, परत स्वतःच्या कानाला लावला, आणि निदान केलं की मेंढी विताना अडली आहे.

जन्म मेंढरांमागे गेलेल्या माणसाचं निदान. गावात कुणी शंका घेतली नाही. आबा पहिल्या एसटीनं सांगलीला आले. हातात पिशवी, पिशवीत गूळ, ओवा आणि एरंडेलाची बाटली. दार उघडल्यावर माझी चौकशी न करता ते थेट खाटेखाली वाकले. मग न्हाणीत बघितलं. मग जिन्याखाली. माझे घरमालक हे सगळं वरून बघत होते, त्यांनी त्या दिवसापासून मला खोली रिकामी करायची तोंडी सूचना दिलेली आहे. शेवटी आबा खाटेवर बसले आणि म्हणाले, "रवी, खरं सांग. इकलीस का?" मी त्यांना केबल दाखवली, फोन दाखवला, ती यंत्राची भाषा आहे असं सांगितलं. आबांनी बराच वेळ त्या गजाला बांधलेल्या फोनकडे बघितलं. नंतर म्हणाले की भाषा कुठलीही असूदे, त्या जिवाला त्रास होतोय एवढं नक्की. गूळ मी खाल्ला. एरंडेल अजून आहे, तुम्हाला गुडघ्याला पाहिजे असेल तर पाठवतो.

(फोनची ती खोड सोनमनं दुकानात एका मिनिटात काढून दिली. मी तिला मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. तिनं विचारलं, तुमच्या आबांनी ओव्याबरोबर हळद आणली नव्हती का? मग कळलं की तिची माणसं मूळची आटपाडीकडची, आपल्यासारखीच. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्या दिवशी दुकानातनं निघायला मला जरा उशीरच झाला.)

यानंतर माझं ढगांचं काम सुरळीत चाललं. गावात मी सगळ्यांना एक नियम सांगून ठेवला होता: पावसाचं चिन्ह दिसलं तर मी कोंडीबाच्या बूथवर फोन करीन. फोन आला नाही तर ऊन समजा आणि खुशाल माल पसरा. उगाच तुम्ही मला फोन करू नका, कारण येणाऱ्या फोनलाही मला पैसे पडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बागायतदार लालासाहेबांनी तर स्वतःचा बेदाणा माझ्या भरवशावर इतरांच्या आधी अंगणात काढला. मला तेव्हा छाती फुगवून चालायची सवय लागली होती, असं आई म्हणते.

आता तो दिवस. सुट्टीचा वार होता, मी खोलीवर. गावात जवळजवळ सगळ्यांचाच माल एकदम खाली आलेला, अंगणं सोनेरी. दुपार झाली तशी गावाकडे वारं फिरलं. गरम वारं एकदम थांबलं, मग पाचोळा उलट्या दिशेनं धावायला लागला. लोक बाहेर येऊन वर बघू लागले. आभाळ म्हटलं तर निळं, म्हटलं तर नाही. झाकावं तर शेवटचं ऊन वाया, आणि ताडपत्रीखाली घाम सुटून माल चिकट होणार. न झाकावं तर गेलं वर्ष आठवतंय. माझा फोन तर आलेला नाही. मग एकेक करून सगळे बूथवर जमले.

त्याच वेळी इकडे मी काय करत होतो? ढगांचा फोटो उतरवून घेत होतो. आत्ती, हा फोटो एकदम येत नाही. पडदा वरून खाली हळूहळू सोडावा तसा ओळीओळीनं येतो, आणि भारताचं वरचं टोक म्हणजे काश्मीर. मी काश्मीर बघितलं, स्वच्छ होतं. मग पंजाब आला. पंजाब निम्मा आला आणि लाइन तुटली. इंटरनेटचा नंबर पुण्याचा, तिथे परत फोन लावला, परत काश्मीरपासून सुरुवात. दिल्लीवर थोडं धुकं होतं, त्याची मला विनाकारण काळजी वाटली. ग्वाल्हेरपाशी परत तुटलं. तिसऱ्या वेळी मी खुर्चीवर चढून फोन आणखी वरच्या गजाला बांधला आणि श्वास रोखून बसलो. मी पश्चिमेच्या खिडकीला तोंड करून बसलो होतो हे लक्षात घ्या. पश्चिमेला लख्ख ऊन होतं. जे यायचं होतं ते माझ्या पाठीमागून यायचं होतं, आणि पाठीमागे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर.

बूथवर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आबांनी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. एंगेज टोनला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कोंडीबाही काही बोलला नाही, आणि मग ज्याला त्याला लावून बघायचा होता. मग एंगेज टोनचा अर्थ काय, यावर वाद सुरू झाला. लालासाहेबांचं म्हणणं, रविराज दुसऱ्या गावांना पावसाचं सांगत असणार, म्हणून एंगेज, म्हणजे पाऊस नक्की. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पाऊस असता तर त्यानं आधी स्वतःच्या बापाला सांगितलं असतं, तो निवांत कुणाशी तरी बोलत बसलाय, म्हणजे ऊन नक्की. एकानं सांगितलं की तो थेट दिल्लीच्या हवामान खात्याशी बोलतोय. (दिल्लीपर्यंत मी पोचलो होतो, एवढं त्याचं बरोबर.) वाद इतका वाढला की वर बघायचंच सगळ्यांचं राहून गेलं.

माझा फोटो भोपाळपर्यंत उतरला होता, अगदी भोपाळच्या तलावापर्यंत, आणि दार धाडकन उघडून सोनम आत आली. जिना धावत चढल्यानं तिला बोलता येत नव्हतं. ती टेबलापाशी आली आणि तिनं केबल उपटली.

आत्ती, मी ओरडलो. मला आता लाज वाटते, पण मी ओरडलो. म्हटलं, आता महाराष्ट्र आला असता. तिनं दम खाल्ला आणि म्हणाली, "चित्र राहूदे. मिरजेकडनं पाऊस निघालाय, तासगावच्या अंगाला, तुमच्या गावाकडं. कवाधरनं तुमास्नी फोन लावतेय. आधी घरी सांगा." एरवी दुकानदारी मराठीत बोलणारी ती पोरगी थेट आटपाडीत उतरली होती, त्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं. मी मागच्या जिन्यात जाऊन बघितलं. मिरजेच्या बाजूचं आभाळ शाईची दौत लवंडावी तसं होतं.

मी धावत येऊन बूथचा नंबर लावला. एंगेज. परत लावला, एंगेज. पाच-सहा वेळा लावला.  आबांचा तो पायानं माल हलवतानाचा चेहरा समोरून हलेना. आता एसटी पकडून उपयोग नाही, मोटारसायकलवर निघालो तरी पाऊस माझ्या आधी पोचणार. मी लावत राहिलो आणि एंगेज ऐकत राहिलो. सोनम खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, बूथवर एरवी एवढी गर्दी असते का? मी म्हटलं, छे, दिवसाला चार माणसं. तेव्हा ती उठली, माझ्या हातातला फोन तिनं काढून घेतला आणि परत गजाला टेकवून धरला.

"ते तुमालाच लावत्यात," ती म्हणाली. "तुमी त्यास्नी लावताय, ते तुमास्नी. दोघांस्नीबी एंगेज. कुणीतरी एकानं गप बसाया पायजे."

मी गप्प बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. पाऊस निघालाय, घरचा माल उघड्यावर आहे, हातात फोन आहे, आणि काही न करता उभं राहायचं. खालच्या बोळातून कुल्फीवाला गेला. घरमालकांनी जिन्यावरून विचारलं की आत बाई कोण आहे. आणि फोन वाजला.

आबाच होते. मी एका दमात सगळं सांगितलं, पण घाईत मी खिडकी सोडून खोलीच्या मध्यभागी आलो होतो, त्यामुळे पलीकडे काय पोचलं असेल ते देव जाणे. आबा म्हणाले, "आँ? काय मिळतंय?" मी परत सांगितलं. परत तेच. तेव्हा सोनमनं फोन घेतला, खुर्चीवर चढून वरच्या गजाला डोकं टेकवून उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, "मामा, मिरजंला लय पाऊस झालाय. तुमच्याकडंच निघालाय. बेदाणा झाका."

 मग आबांनी फोनवरूनच मागे तोंड करून सगळ्यांना पाऊस येत असल्याचं सांगितलेलं मला खोलीत उभं राहून ऐकू आलं, म्हणजे बूथवर काय आवाज झाला असेल याचा अंदाज करा. त्यानंतर फोन बंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. आबांनी विचारलं, "झाकतो. पर पोरी, तू कुणाची?"

आत्ती, डोक्यावर पाऊस, अंगणात वर्षाचा माल, आणि हा माणूस एसटीडी बूथवरून कूळ विचारतोय. सोनम म्हणाली, "आधी झाका, मग सांगते," आणि फोन बंद केला. तिचे कान लाल झाले होते. मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली नाही, हातात धरून उभी राहिली.

ज्या भांडणामुळे सगळे बूथवर अडकले होते, त्या भांडणानंच गाव वाचवलं, कारण गावातला प्रत्येक बेदाणावाला एकाच ठिकाणी उभा होता आणि सगळ्यांना बातमी एकदम कळली. जो तो आपल्या अंगणाकडे धावला. आईनं तर आबा पोचायच्या आधीच अर्धी ताडपत्री ओढली होती. (बूथकडून जी पळापळ होताना दिसली त्यावरून ती काय ते समजली. फोनबिन तिला लागत नाही.) शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची टोकं धरली, लालासाहेबांनी स्वतः डोक्यावरून दगड वाहिले, त्यांच्या पांढऱ्या धोतराचं पुढे काय झालं ते न लिहिलेलं बरं. आणि पाऊस आला. चांगला दणकून आला, थोडी गारही पडली. मी मोटारसायकलवरून चिंब होऊन पोचलो तेव्हा आबा ताडपत्रीच्या कोपऱ्यावर स्वतःच दगडासारखे बसले होते, पटक्यातून पाणी गळत होतं, आणि ते हसत होते. मला आबांचे पुढचे दात बऱ्याच दिवसांनी दिसले. दुसऱ्या दिवशी ताडपत्र्या काढल्या. कडेचा ओंजळभर माल भिजला होता, तो आईनं शिऱ्यात घातला. बाकी सगळा होता तसा, पिवळाधमक.

त्यानंतर आठवडाभर मी गावातच होतो, त्यातच कंबर गेली. गावानं सगळं श्रेय मला आणि माझ्या फोटोला दिलं. मी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, पण लोकांना तो विनय वाटला. लालासाहेबांनी तो फोटो बघायचाच असा आग्रह धरला, म्हणून मी सांगलीला जाऊन संगणक आणला, त्यांच्या ओसरीवर नेला आणि भोपाळपर्यंतचा फोटो उघडला. भोपाळच्या खाली अर्थातच काही आलं नव्हतं, नुसता करडा पट्टा. लालासाहेबांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "बघा. खालचा समदा ढगच हाय." सगळे एकेक करून वाकून बघून गेले. अख्ख्या दक्षिण भारतावर असा ढग कुणी बघितला नसेल. आबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना त्या पट्ट्याचं खरं ठाऊक होतं, मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि घरी येताना वाटेत फक्त एकच विचारलं: ती पोरगी कुणाची?

तर असं आहे. पत्र फार लांबलं. गुडघ्यांना जपा, नवीन डॉक्टरांचं तरी ऐका, आणि ऐकायचं नसेल तर निदान त्यांना तसं सांगू नका. आई तुमची आठवण काढते. म्हशीला परवा रेडकू झालं. ते अडलं नाही.

तुमचा लाडका आणि सध्या वाकडा,
रविराज

ता. क. : एक बारीकसं काम होतं, लिहायचं राहूनच गेलं. साताऱ्यात सदरबझारात जोतीराम सुभेदार म्हणून लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, तुमच्या घरापासून फार लांब नाही, गुडघ्यांना झेपेल. ते सोनमचे वडील. मी सोनमला विचारलं. (कसं विचारलं ते लिहीत नाही. तुम्ही लाल पेन्सिलीनं खुणा कराल.) ती म्हणाली, माझी ना नाही, पण घरी रीतसर कुणीतरी मोठं माणूस गेलं पाहिजे, आणि फोन अजिबात करायचा नाही, कारण फोनवर तुमचं काय होतं ते मी बघितलंय. आपल्याकडे असं बोलायला तुमच्याइतकं वजनाचं दुसरं माणूस नाही. तेव्हा एकदा सहज म्हणून चहाला जाऊन या. सुभेदार कडक आहेत, पण तुमच्यासमोर कडक माणूस टिकलेला मी बघितलेला नाही. आबांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना आधी तुमचा होकार कळलेला बरा.

ता. क. २ : हे पत्र मी सोनमला वाचायला दिलं. तिचं म्हणणं, यंत्राचं मी बरंचसं बरोबर लिहिलंय, माणसांचं चुकलंय. तिला पावसाची पक्की खबर नव्हतीच. मिरजेचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं होतं, तेही कोरडं; त्यानं फक्त तिकडे आभाळ भरून आलंय एवढं सांगितलं. "लय पाऊस झालाय" हे तिनं आबांना आपल्या पदरचं सांगितलं. मी थक्क झालो. म्हटलं, आणि पाऊस आलाच नसता तर? ती म्हणाली, तर निदान तुमच्या आबांशी बोलणं तरी झालं असतं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार एवढ्यात कोंडीबाचा फोन आला. (संगणक बंद होता, म्हणून लागला.) आबा आज पहिल्याच एसटीनं साताऱ्याला निघाले आहेत. नवा पटका बांधलाय, बेदाण्याची पेटी घेतली आहे, आणि बूथवर थांबून त्यांनी कोंडीबाला विचारलं की सदरबझार म्हणजे स्टँडपासून कुठल्या अंगाला. ("आधी झाका, मग सांगते" हा शब्द सोनमनं पाळलेला दिसतो.) तेव्हा हे पत्र पोचायच्या आधी ते तुमच्याकडे पोचलेले असणार, आणि हे सगळं तुम्ही त्यांच्या तोंडून, म्हशीच्या तपशिलासह, ऐकलेलं असणार. घरी त्यांनी डोळे तपासायला जातोय असं सांगितलंय. आत्ती, त्यांचे डोळे उत्तम आहेत. तरी तपासून घ्या, आणि डॉक्टर जरा सावकाश बघणारा निवडा. सुभेदारांचं उत्तर यायला दोन दिवस तरी लागतील.